मुलाला संशोधनात सहभागी करावं का?

गारवेल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा. बोलणं उशिरा आलं, अजूनही दोन-तीन शब्दांपुढे गाडी जात नाही. मागच्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू आहे, शाळा त्यातल्या त्यात समजूतदार आहे. मोठी बहीण नऊ वर्षांची.

आता थेरपिस्टबाईंच्या ओळखीतून एका संशोधन गटाने विचारलंय, तुमचं कुटुंब आमच्या अभ्यासात येईल का. आईवडील मुलाशी खेळतानाचे व्हिडिओ घेणार. मग त्यांचा प्रशिक्षित माणूस आमच्यासोबत बसून ते बघणार आणि मुलाचे बारीक इशारे कसे टिपायचे ते दाखवणार. पण हे कुणाला कधी मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. निम्म्या कुटुंबांना लगेच, उरलेल्यांना वर्षभराने. शिवाय आम्हा दोघांना आणि शाळेच्या बाईंना प्रश्नावल्या, मुलाच्या लाळेचा नमुना, आणि बहिणीलाही एक वेगळी प्रश्नावली.

एक प्रश्नावली नमुना म्हणून घरी दिलीय. पंचवीस विधानं, प्रत्येकापुढे 'खरं नाही', 'थोडंफार खरं', 'अगदी खरं'. कुणाला लागलं, कुणी नाराज असेल तर मदत करतो का, या अर्थाच्या विधानापाशी माझं पेन अडलं. परवा ताई रडत होती. हा आला, तिच्याकडे न बघताच तिच्या मांडीवर आपला लाल ट्रक ठेवला आणि निघून गेला. याला काय म्हणायचं? मी 'थोडंफार'वर खूण केली, नवऱ्याने 'अगदी खरं'वर, बाईंनी 'खरं नाही'वर.

नवरा म्हणतो, आपलं पोर काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे का. मला वाटतं, कुणीतरी भाग घेतला म्हणूनच आज थोडंफार कळतंय ना? पण ठरत नाहीये. कुणाला असा अनुभव आहे का? सही करण्याआधी काय काय विचारायचं?

शंकेखोर
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. नाही म्हणा.

या वयातलं एक वर्ष म्हणजे काय हे त्या लोकांना कळत नसेल असं नाही, तरी चिठ्ठ्या टाकतायत. लाळ म्हणजे जनुकं, ती एकदा दिली की दिली. आणि या विषयातलं सगळ्यात गाजलेलं संशोधनच खोटं निघालं आहे. १९९८, 'लॅन्सेट'सारखं नियतकालिक, अवघी बारा मुलं, आणि त्यावरून गोवरच्या लसीने ऑटिझम होतो म्हणून जगभर बोंबाबोंब. तो निबंध मागे घ्यायला २०१० उजाडलं. यांच्या हातात मूल द्यायचं?

खोडरबर
आमच्या घराण्यात 'हा कोणावर गेलाय' या विषयावर तीन पिढ्या संशोधन चालू आहे. निष्कर्ष दर वेळी एकच, आईकडच्यांवर. संमतिपत्र कुणी मागितलेलं नाही. (हलकेच घ्या.)

टिपकागद
खोडरबर, तुम्ही गंमत केलीत, पण एके काळी हेच शास्त्र म्हणून खपत होते.

माझा मुलगा आता तिशी ओलांडून पुढे गेला आहे. तो लहान असताना एका तज्ज्ञाने मला समोर बसवून विचारले होते, "गरोदरपणी हे मूल तुम्हाला मनापासून हवं होतं का?" शेजारी याचे वडील बसलेले. त्यांना काही विचारले नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही.

हे कुठून आले ते पुढे वाचून कळले. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून ऑटिझम जगापुढे मांडला. त्यांनी स्वतः ही अवस्था जन्मजात असल्याचेही लिहिले होते, पण आईबापांच्या थंडपणावरची त्यांची निरीक्षणे लोकांनी जास्त उचलली. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी साठच्या दशकात आईच्या मायेचा अभाव हेच कारण म्हणून गाजवले. त्याला तोडीस तोड उत्तर दिले बर्नार्ड रिमलँड यांनी, १९६४ मध्ये. मानसशास्त्रज्ञ, आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. नंतर १९७७ मध्ये सुसन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांचा जुळ्यांचा अभ्यास आला. एकवीस जोड्या फक्त. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम, आणि वेगवेगळ्या बीजांच्या दहा जोड्यांत एकाही जोडीत दोघांना नाही. म्हणजे यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा होता. आईच्या डोक्यावरचे ओझे त्या एकवीस घरांनी उतरवायला सुरुवात केली. त्यांनी दार लावून घेतले असते तर?

शंकेखोर, तुमचा संशय मी समजू शकते. पण आम्हाला ज्यांनी छळले त्यांनी संशोधन केलेच नव्हते, नुसती मते ठोकली होती.

अर्धविराम
टिपकागद, __/\__

शंकेखोर
टिपकागद, तुमच्याबद्दल आदर आहे. पण जवळपास पन्नास वर्षांपूर्वीच्या चांगल्या अभ्यासावरून आजच्या कुठल्याशा गटाची हमी देता येत नाही. धागाकर्तीने जुळ्यांबद्दल विचारलेलंच नाही.

आकडेमोड
पोटापाण्याचा धंदा हाच आहे, मुलांच्या मानसिक आरोग्यावरच्या चाचण्यांची आकडेवारी सांभाळतो. त्यामुळे मी पक्षपाती आहे हे धरून वाचा.

शंकेखोर यांच्या आक्षेपांतला लसीचा आधी संपवतो. लसीने ऑटिझम होत नाही हे दाखवलं तेही संशोधनानेच. डेन्मार्कचा २०१९ चा अभ्यास ६,५७,४६१ मुलांचा होता, लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. बारा मुलांच्या, तुलनेला गट नसलेल्या निबंधाने जे केलं ते निस्तरायला एवढी मुलं मोजावी लागली.

आता चिठ्ठ्या. हे क्रूर वाटतं, मान्य. पण सिक्रेटिनची गोष्ट ऐका. हे आतड्यातलं एक संप्रेरक. १९९८ मध्ये बातमी आली की तपासणीसाठी ते टोचल्यावर तीन ऑटिस्टिक मुलं एकदम सुधारली. आईवडिलांची रीघ लागली. मग साठ मुलांवर रीतसर चाचणी झाली, निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. १९९९ च्या डिसेंबरात निकाल छापून आला. दोन्ही गट सुधारले. मिठाच्या पाण्यानेही! मुलं वाढत असतात, आपण आशेने बघत असतो, आणि आईबाप त्याच काळात आणखी दहा गोष्टी करत असतात. तुलनेला दुसरा गट नसता तर आज लाखो मुलांच्या हातात ती सुई असती. आणि गंमत पुढे आहे. निकाल सांगितल्यावरही त्या पालकांपैकी ६९ टक्के म्हणाले, आम्हाला अजून सिक्रेटिनमध्ये रस आहे.

गारवेल, तुमच्या बाबतीत कळीचा प्रश्न वेगळाच आहे. दुसऱ्या गटात गेलात तर चालू थेरपी तशीच सुरू ठेवता येणार का? येणार असेल तर तुमचं काही हिरावलं जात नाही, एक वरची गोष्ट उशिरा मिळते, इतकंच. ती बंद करा म्हणत असतील तर तिथल्या तिथे उठून या.

कानामात्रा
हे सगळं ठीक आहे हो, पण पूर्वी अशी मुलं होती कुठे? आता दर वर्गात एक. मोबाईल काढून घ्या, निम्मी बरी होतील.

खोडरबर
पूर्वीही होती. त्यांना 'जरा वेगळाच आहे' म्हणायचे आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवायचे.

आकडेमोड
कानामात्रा, आकडे वाढलेत हे खरंच आहे. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांची ठराविक भागांत नोंद ठेवतात. २००० साली दीडशेत एक होता, २०२२ साली एकतीसात एक. पण मधल्या काळात निदानाची चौकट किती बदलली तेही बघा. २०१३ पर्यंत नियम असा होता की ऑटिझम असेल तर त्याच मुलाला एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) वेगळं निदान द्यायचंच नाही. त्याच साली अ‍ॅस्पर्गर हे ऑटिझमच्याच एका प्रकाराचं वेगळं नाव काढून सगळं एका छत्राखाली आणलं. शिवाय पूर्वी ज्यांच्यावर 'मतिमंद' एवढाच शिक्का बसायचा त्यातली कितीतरी मुलं आता नीट ओळखली जातात, आणि मुलींकडेही लक्ष जायला लागलंय. खरी वाढ अजिबात नाही असं मी म्हणत नाही, पण पट्टीच बदलली तर उंची वाढलेली दिसणारच.

संपादक मंडळ
लस आणि मोबाईल या दोन्ही विषयांवर आधीचे धागे आहेत, त्यावरची चर्चा तिकडे न्यावी. इथे मूळ प्रश्नावर बोलूया.

अर्धविराम
मूळ प्रश्नावर येते. मी बालवर्गाची शिक्षिका, म्हणजे त्या 'खरं नाही'वाल्या बाईंच्या जागी बसलेली. गारवेलताई, बाईंवर रागावू नका. वर्गात तीस मुलं असतात. एखादं मूल पडलं की बाकीची धावतात, तेव्हा तुमचा लेक बहुधा कानावर हात ठेवून भिंतीकडे जात असेल, कारण तो गलका त्याला सोसत नाही. त्या तसंच बघतात आणि तसंच लिहितात. लाल ट्रक शाळेत नसतो.

आकडेमोड
अर्धविराम, फार नेमकं. १९८७ मध्ये एकशे एकोणीस अभ्यास एकत्र करून हेच तपासलं होतं. एकाच मुलाबद्दल आई आणि वडील काय सांगतात यात बऱ्यापैकी मेळ, सहसंबंध ०.६ च्या आसपास (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही). पालक आणि शिक्षक अशी वेगवेगळ्या भूमिकांतली माणसं घेतली की तो ०.२८ वर घसरतो. मुलाचं स्वतःचं म्हणणं आणि इतरांचं म्हणणं यांच्यात तर ०.२२. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर रटर आणि सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हाही पालकांनी त्रासात म्हणून दाखवलेली मुलं आणि शिक्षकांनी दाखवलेली मुलं बऱ्याच अंशी वेगवेगळी निघाली.

पूर्वी आम्ही याला मोजमापातला दोष समजायचो. आता कल असा आहे की दोघंही खरं सांगतायत, मूलच दोन ठिकाणी वेगळं असतं. म्हणून तिघांच्या खुणा जुळवत बसू नका. जुळवलेली उत्तरं आमच्या काहीच कामाची नसतात.

रातकिडा
एरवी इथे फक्त वाचतो, पण बहिणीची प्रश्नावली वाचून राहवलं नाही.

मी कॉलेजात आहे. लहान भाऊ डाउन सिंड्रोमवाला. मी शाळेत असताना असल्याच एका अभ्यासात 'भावंड' म्हणून होतो. फॉर्म भरताना आई शेजारी बसलेली. 'तुला घरात पुरेसं लक्ष मिळतं असं वाटतं का?' आता मला सांगा, आई शेजारी असताना दहा वर्षांचं पोरगं याचं काय उत्तर देणार? 'हो, नेहमी.' सगळीकडे 'हो, नेहमी.' त्या अभ्यासात आमचं घर एकदम आदर्श निघालं असणार.

बाय द वे, माझा भाऊ भारी आहे, तो मुद्दाच नाही. मुद्दा असा की मुलीला वेगळ्या खोलीत बसवा. आणि आधी तिला विचारा की तुला हे भरायचंय का. 'नाही' म्हणाली तर ते खरंच नाही धरा, समजूत काढू नका.

टिपकागद
रातकिडा, शाबास रे. आमच्या मोठ्या मुलीला हे वाचायला पाठवले आहे.

आकडेमोड
रातकिडा म्हणतोय तो नियमच आहे. मुलाच्या वतीने सही पालकांची, पण ज्याला समजतं त्या मुलाची स्वतःची मान्यताही वेगळी घ्यायची असते. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भाषेतला वेगळा कागद मिळायला हवा. नसेल तर गट कच्चा आहे असं समजा.

गारवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. रातकिडा, तुझा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता.

एक विचारायचं राहिलं. त्या कागदांत माझ्याबद्दलच दोन पानं आहेत. झोप कशी लागते, रडू येतं का, हताश वाटतं का. टिपकागद, तुमचं वाचल्यावर तर धसकाच घेतला. हे पुन्हा आईवरच आणून ठेवणार का?

मितभाषी
गारवेल, भीती साहजिक आहे. मी समुपदेशक आहे. हा प्रश्न दोष शोधायला असतो तसा आधार शोधायलाही असतो. २००६ मध्ये अमेरिकेत नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची मुलं अशा १५१ जोड्या बघितल्या होत्या. अभ्यासाने मुलांना वेगळे उपचार दिले नव्हते. तीन महिन्यांत ज्या आया पूर्ण बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांतल्या मानसिक विकारांचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं, ज्यांचं नैराश्य गेलं नाही त्यांच्या मुलांत ८ टक्क्यांनी वाढलं. आईची तब्येत हा मुलाच्या उपचाराचा भाग आहे, असं सांगायला हा आकडा मला फार वेळा उपयोगी पडलाय, विशेषतः 'हिला काय धाड भरलीय' म्हणणाऱ्या नातेवाइकांसमोर.

पण एक नक्की विचारा. तुम्ही 'हताश वाटतं'वर खूण केलीत तर पुढे काय? कुणी फोन करणार, की तो कागद संगणकात जाऊन बसणार? चांगल्या अभ्यासात याची ठरलेली पद्धत असते. आणि तीच पानं बाबांनाही दिलीत का तेही विचारा.

नि:शब्द
मी ऑटिस्टिक आहे, निदान पस्तिशीत झालं. बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं म्हणून या नावाने इथे.

वरच्या सगळ्या प्रतिसादांत मुलाबद्दल आई, वडील, बाई, बहीण, संशोधक बोलले. लाल ट्रकचा प्रसंग मला लगेच समजला. मला वाईट वाटतं तेव्हा कुणी तोंडाकडे बघत बसू नये, जवळ काहीतरी ठेवून निघून जावं. त्याने त्याला जे सगळ्यात आवडतं ते दिलं. मी असतो तर 'अगदी खरं'वर खूण केली असती.

अभ्यासात जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच विचारेन की प्रश्न कुणी ठरवले. ब्रिटनमध्ये २०१३ साली ऑटिझम संशोधनावरच्या खर्चाचा आढावा घेतला, तेव्हा निम्म्याहून जास्त पैसा जीवशास्त्र आणि मेंदूवर जात होता. ऑटिस्टिक माणसं आणि घरचे मागत होते रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असं काही. तुमच्या अभ्यासात यश कशाला म्हणणार? मूल डोळ्यांत बघायला लागलं, याला? की त्याला हवं ते सांगता यायला लागलं, याला? पहिलं असेल तर मी नाही म्हणेन.

शंकेखोर
नि:शब्द यांच्या शेवटच्या प्रश्नाला अनुमोदन. बघा, मी सगळ्यालाच विरोध करतो असं नाही.

आकडेमोड
नि:शब्द, अवघड प्रश्न विचारलात आणि योग्य विचारलात.

गारवेल यांनी वर्णन केलंय तशा व्हिडिओ पद्धतीची एक मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आहे. २०१० मध्ये छापून आली, दोन ते जेमतेम पाच वर्षांची १५२ मुलं. आईवडिलांचं वागणं चांगलंच बदललं, मुलाच्या कलाने घेणं वाढलं. मुलांकडून पुढाकारही वाढला. पण ऑटिझमच्या लक्षणांच्या मोजणीत त्या वेळी सांगण्यासारखा फरक नव्हता. बरेच जण निराश झाले. मग सुमारे सहा वर्षांनी त्यातली १२१ मुलं पुन्हा शोधून तपासली, तर थोडासा, पण टिकून राहिलेला फायदा दिसला. कायापालट वगैरे काही नाही. या क्षेत्रात चांगली बातमी साधारण एवढ्याच आकाराची असते, आणि कुणी याहून मोठी सांगत आलं की मी आधी मिठाचं पाणी आठवतो.

कानामात्रा
मिठाचं पाणी लक्षात राहील.

गारवेल
इतके दिवस गायब होते, क्षमस्व. त्या गटाच्या समन्वयक बाईंना भेटून आलो, दोघेही. तुमचे सगळे प्रश्न कागदावर उतरवून नेले होते, त्या म्हणाल्या एवढी तयारी करून कुणी येत नाही.

चालू थेरपी दोन्ही गटांत सुरूच राहणार. केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येतं, तोपर्यंतचे व्हिडिओही पुसून मागता येतात. लाळेबद्दल मात्र उत्तर गोलमाल वाटलं. 'भविष्यातील संशोधनासाठी' असं एकच वाक्य आहे, कुठलं भविष्य आणि कुणाचं संशोधन ते नाही. जनुकांचा काही निष्कर्ष आम्हाला कळवणारही नाहीत. लाळ न देता भाग घेता येतो का विचारलं तर येतो म्हणाल्या, तेव्हा ते पान कोरंच ठेवलं. बहिणीसाठी वेगळा कागद आहे, चित्रांचा, ती एकटी बसून भरेल. बाबांसाठी ती दोन पानं नव्हती! नवऱ्याने स्वतःच मागून घेतली. मितभाषी, तुमचा फोनचा प्रश्न विचारला, तर गुण ठराविक आकड्यावर गेले की दोन दिवसांत संपर्क करतात म्हणे. तसं लेखी मागितलंय.

नि:शब्द, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा वाचून दाखवला. मुलाने आपणहून संवाद सुरू करणं हे मुख्य मोजमाप आहे, बोलून, बोट दाखवून, हात ओढून, कसंही. डोळ्यांत बघणं मोजतात का, तर हो, पण ते मुख्य नाही. तुम्हाला हे पटेल की नाही माहीत नाही.

नवरा अजून पूर्ण तयार नाही. पण 'उंदीर' म्हणणं बंद झालंय.

नि:शब्द
हात ओढणं मोजतात हे चांगलं आहे.

शंकेखोर
सगळं तोंडी. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागितलात का? मुख्य मोजमाप आज एक आणि निकाल लागल्यावर दुसरं असं सर्रास होतं.

आकडेमोड
हे मात्र शंकेखोर शंभर टक्के बरोबर बोलले. २००५ पासून मोठी वैद्यकीय नियतकालिकं पहिल्या सहभागीच्या आधी नोंदणी केल्याशिवाय चाचणी छापत नाहीत. नोंदणी सार्वजनिक असते. क्रमांक टाकलात की मुख्य मोजमाप काय लिहिलंय, कधी लिहिलंय आणि नंतर बदललंय का, सगळं दिसतं.

गारवेल
क्रमांक संमतिपत्राच्या शेवटच्या पानावर आहे, बारीक अक्षरात. आज रात्री पोरं झोपली की बघते. शंकेखोर, कुठे काय बघायचं ते कळलं नाही तर तुम्हालाच व्यक्तिगत निरोप करणार आहे.

शंकेखोर
करा. सही मात्र त्यानंतर.